तोफेपुढचे बैल

उज्जयिनीहून उत्तरेकडे, क्षिप्रेच्या अंगाने, भैरवगढला रस्ता जातो. यात्रेकरू त्या रस्त्याने कालभैरवाच्या दर्शनाला जातात आणि लाकडी ठशांनी छापलेल्या कापडाचे गठ्ठे त्याच रस्त्याने शहरात येतात. अशा रस्त्यावर कधी एखादे किरकोळ दृश्य नजरेस पडते. जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला दोन चाकी ट्रेलर आणि त्यावर पट्ट्यांनी जखडलेली एक मोटरसायकल. जी स्वतः माणसाला वाहून न्यायची, तीच आता दुसऱ्याच्या चाकांवर स्वार होऊन निघालेली असते. पाहणारा क्षणभर हसतो आणि पुढे जातो.

मोटरसायकलचे वजन दोनशे किलोच्या आतबाहेर. ती चढवायला एक जाड फळी आणि दोन माणसे पुरतात. खरी कसोटी चढविल्यानंतर लागते. पुढचे चाक सरळ ठेवून ट्रेलरच्या पुढच्या आडफळीला भिडवावे लागते. हँडलच्या दोन्ही अंगांनी पट्टे खाली ओढून पुढच्या स्प्रिंगा थोड्या दाबून धराव्या लागतात, म्हणजे खड्ड्यात गाडी उसळली तरी पट्टे सैल पडत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओझे कोठे बसले हे पाहावे लागते. ते ट्रेलरच्या आसाच्या मागे गेले तर ट्रेलरचे तोंड वर उचलते, आणि वेग वाढताच मागची गाडी डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. ते फारच पुढे आले तर ओढणाऱ्या गाडीची पाठ दबते. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा पुढच्या जोडावर पडावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. मराठी शेतकऱ्याला तो कोणी शिकवावा लागत नाही. बैलगाडी मागे झुकली की ती ‘उलाळ’ झाली असे तो म्हणतो आणि दोन पोती पुढे सरकवतो. जुवावर भार येऊन बैलांच्या माना दबल्या की तीच पोती मागे घेतो.

ओझे कसे चढवावे, कसे बांधावे आणि कोणी ओढावे, ह्या साध्या प्रश्नावर एके काळी ह्याच माळव्यात मोठमोठ्या सेनांचे भवितव्य लोंबकळत होते. तेव्हाचे ओझे मोटरसायकलचे नव्हते, तोफेचे होते. तोफेची कथा सांगताना आपल्याकडे बहुधा तिचा आवाज, तिचा पल्ला आणि तिचे नाव सांगितले जाते. ती रणांगणापर्यंत पोहोचली कशी, हे सांगायचे राहून जाते. वस्तुतः तोफेच्या आयुष्याचे हिशोब मांडले तर ती डागण्यात घटका जातात आणि ओढण्यात महिने जातात. रणांगणावर मांडलेली तोफ हे शस्त्र आहे; वाटेवरची तोफ हे केवळ ओझे आहे, आणि तेही शत्रूला हवेहवेसे वाटणारे ओझे. १८०१ सालच्या उज्जयिनीच्या लढाईचे मर्म ह्या एका भेदात आहे.

उज्जयिनी मराठ्यांच्या अमलाखाली आली ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात. राणोजी शिंद्यांनी येथे आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर ह्यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरला लष्कर बसविले, तोपर्यंत शिंदेशाहीचे मुख्य स्थान हेच होते. भैरवगढच्या कालभैरवाला महादजी शिंद्यांनी आपली पगडी वाहिली, अशी परंपरा आहे, आणि देवाच्या मस्तकावर शिंदेशाही पगडी ठेवण्याची चाल तेथे आजही दिसते. परंपरेचा खरेखोटेपणा तपासणे हा येथला विषय नव्हे. पण ज्या महादजींची ती पगडी, त्यांना ओझ्याचे राजकारण किती अचूक कळले होते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

१७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून वर आली. फौज चार हजारांच्या आसपास, पण तिच्याबरोबरच्या बैलांची संख्या मात्र एकोणीस हजारांच्या घरात होती. म्हणजे एका शिपायामागे चार-पाच बैल! हे एवढे लटांबर घाटमाथ्यावरून गोगलगायीच्या गतीने पुण्याकडे सरकत होते. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई देण्याची घाई केली नाही. महादजी आणि तोफखान्याचे भिवराव पानसे ह्यांनी त्या रांगेला दोन्ही अंगांनी सतावले आणि पुढचा चारा व धान्य नाहीसे केले. तळेगावला पोहोचेपर्यंत इंग्रजांचा धीर सुटला. ११ जानेवारी १७७९ च्या रात्री त्यांनी आपल्या जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटून दिल्या, सामान जाळले आणि माघार घेतली. वडगावचा तह त्यानंतर आठवड्याच्या आतच झाला. तोफ तळ्यात टाकण्याची पाळी येते ती तोफ निकामी झाल्यामुळे नव्हे; ती ओढणारा बैल थकला आणि त्याच्या पुढची वाट बंद झाली म्हणून येते.

मराठ्यांच्या स्वतःच्या तोफखान्याची स्थिती काही फार निराळी नव्हती. टिपूवरील १७९० ते १७९२ च्या स्वारीत पेशव्यांची फौज इंग्रजांच्या जोडीने लढत होती. त्या स्वारीचा वृत्तांत लिहिणाऱ्या मेजर डिरॉम ह्याने मराठी तोफांचे मोठे गमतीदार वर्णन केले आहे. तोफा नाना आकारांच्या, चित्रविचित्र रंगविलेल्या, देवादिकांची नावे दिलेल्या. काही तर पूर्वपराक्रमाच्या पुण्याईवरच तोफखान्यात राहिलेल्या. गाडे बोजड. एकेका जड तोफेला शंभर, कधी दीडशे बैल जोड्याजोड्यांनी जुंपलेले. बैल हटले की मागून हत्ती लावायचा. वर्णन करणारा परका आहे, त्याच्या शब्दांत थोडी कुचेष्टा आहे, हे खरे. पण हाकणाऱ्यांचे कसब मात्र त्यानेही मान्य केले आहे.

दीडशे बैल म्हणजे पंचाहत्तर जोड्या. त्यांची एक लांबलचक माळ डोळ्यांसमोर आणावी. सपाट, कोरड्या रस्त्यावर ती माळ दिमाखात चालते. पण वळण आले की पुढच्या जोड्या वळून गेलेल्या असतात आणि मागच्या अजून सरळच ओढीत असतात. मधल्यांचा जोर साखळदंडाला आडवा जातो आणि वाया जातो. नाला आला की पुढच्या जोड्या चढावर, मधल्या पाण्यात आणि तोफ उतारावर अशी त्रेधा होते. बैल दुप्पट केले म्हणून ओढ दुप्पट होत नाही. उलट चारा दुप्पट लागतो, तो वाहायला आणखी बैल लागतात, आणि त्या बैलांनाही चारा लागतो. जड तोफांच्या सेना दिवसाकाठी थोडेच कोस चालत, ह्याचे कारण सरदारांच्या आळसात शोधणारे इतिहासकार एकदा तरी बैलगाडी हाकून पाहते तर बरे झाले असते.

महादजींनी हा पेच ओळखला असला पाहिजे. १७८४ मध्ये त्यांनी द बॉयन ह्या सव्हॉय प्रांतातल्या सेनानीला चाकरीस ठेवले आणि त्याच्याकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. ह्या नव्या तोफखान्यातील फरक केवळ नळीचा नव्हता, गाड्याचाही होता. युरोपात तोवर मैदानी तोफेचे ओझे कमी करण्याची मोठी खटपट होऊन गेली होती. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल ह्या अधिकाऱ्याने १७६५ पासून सारा तोफखाना नव्याने बांधला. नळ्या आखूड व हलक्या केल्या आणि आस लोखंडाचे केले. तोफेच्या गाड्याची शेपटी उचलून दोन चाकांच्या एका लहान पुढच्या गाड्याला अडकवीत. त्या पुढच्या गाड्याला ‘लिंबर’ म्हणतात, आणि त्याची चाके ग्रिबोव्हालने मोठी केली. जड मैदानी तोफांच्या बाबतीत त्याने आणखी एक युक्ती केली. नळीच्या दोन बाजूंना जे आडवे खुंट असतात, त्यांच्यासाठी गाड्यावर दोन जागी खाचा ठेवल्या. डागताना नळी एका खाचेत बसे. प्रवासाला निघताना ती लिंबरच्या बाजूला दुसऱ्या खाचेत सरकवीत, म्हणजे भार दोन्ही गाड्यांवर वाटला जाई. आपला गाडीवान पोते पुढे सरकवतो, तेच हे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी फ्रान्सच्या राजाला एक सेनापती खर्ची घालावा लागला, हे वाचून आपल्याकडचा एखादा सुतार गालातल्या गालात हसेल.

वजनाचे प्रमाणही ध्यानात घ्यावे. सहा पौंडी हलक्या पितळी तोफेची नळी साधारण तीनशे किलोची, म्हणजे दोन मोटरसायकलींहूनही थोडी हलकी. किल्ले फोडणाऱ्या चोवीस पौंडी लोखंडी तोफेची नळी मात्र अडीच टनांची. पहिली दोन-तीन बैलजोड्यांनी दौडत नेता येते. दुसरी जिथे जाईल तिथे आपल्याबरोबर एक गावच घेऊन जाते. कवायती पलटणींबरोबर लोहार, सुतार आणि वाट नीट करणारे बेलदार चालत असत ते ह्याचसाठी. धाव सुटली, आरा मोडला, आस वाकला की साऱ्या रांगेने थांबायचे, अशी वेळ येऊ नये म्हणून.

महादजी १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीस वारले. द बॉयन पुढच्या एक-दोन वर्षांत युरोपास परतला. ओझे मागे राहिले, ते समजणारी माणसे गेली.

दौलतराव शिंदे गादीवर आले तेव्हा कोवळ्या वयाचे होते. पुण्याच्या कारस्थानांत त्यांची बरीच वर्षे गेली, आणि तोवर यशवंतराव होळकरांनी माळव्यात आपली सत्ता उभी केली. दौलतराव उत्तरेकडे निघाले खरे, पण नर्मदेच्या खोऱ्यात रेंगाळले. उज्जयिनी धोक्यात आहे असे कळल्यावर त्यांनी सारी फौज घेऊन जाण्याऐवजी ती तुकड्यातुकड्यांनी पुढे धाडली. आधी जॉर्ज हेसिंगच्या हाताखालच्या पलटणी, त्यांच्यामागे काही दिवसांनी मॅकिंटायरच्या, त्यांच्याही मागे इतर. आणि तोफखान्याचा मोठा भाग ब्राउनरिग नावाच्या अधिकाऱ्याकडे नर्मदेजवळ. ह्या तुकड्यांमध्ये कित्येक कोसांचे अंतर पडले. मध्ये विंध्याचे घाट, पुढे माळव्याची काळी जमीन, आणि दिवस पावसाळ्याच्या तोंडावरचे.

ज्याने काळी जमीन पावसात पाहिली आहे, त्याला अधिक सांगायला नको. उन्हाळ्यात तिला हात हात रुंद भेगा पडतात; पहिल्या सरीनंतर ती खळीसारखी होते. चाकाच्या आऱ्यांमध्ये ती भरत जाते आणि थोड्याच वेळात चाक हे चाक राहत नाही, चिखलाचा गोळा होते. बैलाचा खूर आत जातो तो बाहेर काढण्यातच त्याचे बळ सरते. अशा जमिनीत एकदा रांग तुटली की मागची तुकडी पुढचीच्या मदतीला वेळेवर पोहोचणे दुरापास्त.

यशवंतरावांची फौज मुख्यतः घोडदळाची. तिची चपळाई हेच तिचे बळ. त्यांनी हेसिंगला उज्जयिनीपर्यंत जाऊ दिले. मग मध्येच नेवरीपाशी मॅकिंटायरच्या तुकडीला गाठून शरण आणले, आणि तेथून वळून जुलै १८०१ मध्ये ते उज्जयिनीवर चालून गेले. हेसिंगच्या पलटणी कच्च्या नव्हत्या. त्यांनी निकराने झुंज दिली. पण त्या एकाकी होत्या. लढाई संपली तेव्हा बहुतेक युरोपीय अधिकारी मारले गेले होते किंवा जखमी होऊन कैद झाले होते. तोफा होळकरांच्या हाती पडल्या होत्या. हेसिंग कसाबसा निसटला. उज्जयिनीच्या सावकारांना आणि रहिवाशांना जबर खंडणी भरावी लागली.

ह्याच मोहिमेत यशवंतरावांनी ब्राउनरिगच्या तोफखान्यावरही चढाई केली, आणि तेथे मात्र त्यांना हटावे लागले. कारण उघड आहे. ब्राउनरिग चालत नव्हता. त्याने पाठीशी नर्मदा आणि समोर व बाजूंना नाले-घळी अशी जागा धरून तोफा मांडून ठेवल्या होत्या. तोच सेनापती, तीच फौज, तोच पावसाळा. पण वाटेवरच्या तुकड्या बुडाल्या आणि बसलेला तोफखाना टिकला. दौलतरावांचा पराभव त्यांच्या तारुण्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. खरा दोष हा की, तोफा मागाहून आपोआप येतील, असे त्यांनी धरून चालले. ओझे आपोआप येत नसते.

हेसिंग घराण्याचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयांतर. जॉर्जचा पिता जॉन हेसिंग हा डच शिपाईगडी शिंद्यांच्या चाकरीत आग्र्याचा किल्लेदार होता. १८०३ मध्ये तो वारला. आग्र्याच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत त्याच्या कुटुंबीयांनी लाल दगडात ताजमहालाची लहानशी प्रतिकृती त्याच्या थडग्यावर उभारली. ती आजही उभी आहे. मुलाच्या हाताखाली उज्जयिनीस पडलेल्या शिपायांचे आणि बैल हाकणाऱ्यांचे असे कोणतेही चिन्ह नाही.

आणि त्या बैलांचे काय? सरकारी खिल्लारे असत, भाड्याने घेतलेली असत, पण तंगी पडली की वाटेवरच्या गावांतून बैल धरून नेण्याची रीत त्या काळी सर्वच फौजांत होती. आषाढाच्या तोंडाशी ज्याची जोडी दावणीवरून सुटून तोफेला जुंपली गेली, त्याचे शेत त्या वर्षी पडीक राहिले. लढाई शिंदे जिंको की होळकर, त्याचा खरीप बुडालाच. बखरींना त्या शेतकऱ्याचे नाव ठाऊक नाही.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिंद्यांनी इंदूर गाठून उट्टे काढले. तेथे होळकरांचा पराभव झाला, त्यांच्या तोफा शिंद्यांनी घेतल्या, आणि सर्जेराव घाटग्यांनी शहराची धूळधाण केली. उज्जयिनीने जे भोगले त्याच्या दामदुप्पट इंदूरने भोगले. दोन मराठी घराणी एकमेकांच्या तोफा अशी ओढून नेत असता तिसरा पाहत होता.

त्या तिसऱ्याची पाळीही माळव्याच्या वाटेवर आली. १८०४ च्या जुलैत कर्नल मॉन्सन हा इंग्रज अधिकारी यशवंतरावांवर चालून येत मुकुंदरा घाटाच्याही पुढे गेला, आणि होळकर उलटून येत आहेत असे कळताच मागे वळला. पाऊस धो धो कोसळत होता. कोट्याच्या जालीमसिंगाने शहरात आसरा दिला नाही. तेथून पुढे निघाल्यावर तोफांची चाके चिखलात अशी रुतली की बैल जागचे हलेनात. अखेर मॉन्सनने तोफांच्या कानांत खिळे मारले आणि त्या चिखलात सोडून दिल्या. चंबळा आणि बनास ह्या फुगलेल्या नद्यांनी उरलेल्या फौजेचा समाचार घेतला. ऑगस्टच्या अखेरीस फाटकीतुटकी माणसे आग्र्यास पोहोचली. तीन वर्षांपूर्वी उज्जयिनीला जो धडा शिंद्यांना मिळाला, तो इंग्रजांना फुकट वाचता आला असता.

वर्षभर आधी, सप्टेंबर १८०३ मध्ये, असईला उलटेच दृश्य घडले होते. शिंद्यांच्या तोफा तेथे ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या माऱ्याने वेलस्लीच्या तोफांचे बैल पटापट पडले. बैल गेल्यावर त्याला आपल्या तोफा मागेच सोडून पायदळ पुढे काढावे लागले. त्या दिवशी जिंकला तोच, पण त्याची किती माणसे कामी आली हे त्याला जन्मभर विसरता आले नाही.

यशवंतराव त्यानंतर भानपुऱ्यास राहिले. तोफा ओतण्याचा त्यांना शेवटी ध्यासच लागला होता. ते स्वतः भट्टीपाशी उभे राहून रात्रंदिवस काम करीत व करून घेत, असे माल्कमने लिहून ठेवले आहे. त्यांचे चित्त भ्रमले आणि १८११ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. पुढे २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज उज्जयिनीच्या उत्तरेस, ह्याच क्षिप्रेच्या काठी महिदपूरला इंग्रजांसमोर उभी राहिली. सत्तरएक तोफा नदीच्या पलीकडच्या तीरावर रांगेने मांडल्या होत्या. नदी ओलांडून आलेल्या इंग्रजांच्या हलक्या तोफा त्यांनी बघता बघता गप्प केल्या. गोलंदाज तोफांपाशी शेवटपर्यंत झुंजले. पण इंग्रज पायदळ संगिनी रोखून चालून आले, घोडदळ फुटले, आणि मग तोफा मागे न्यायला ना सवड होती, ना जुंपलेले बैल. साठांहून अधिक तोफा जेथे मांडल्या होत्या तेथेच शत्रूच्या हाती लागल्या.

पुढे अर्ध्या शतकाने इंदुरात नवे ओझे आले. तुकोजीराव होळकर दुसरे ह्यांनी १८७० मध्ये एक कोट रुपयांचे कर्ज देऊन खांडव्याहून इंदूरला आगगाडी आणविली. मुंबईत १८५२ साली ‘लॉर्ड फॉकलंड’ हे पहिले इंजिन बंदरावर उतरले, तेव्हा दोनशेहून अधिक मजुरांनी ते भर रस्त्यातून भायखळ्यापर्यंत ओढत नेले होते. इंदूरचे पहिले इंजिनही, रूळ पुरते जोडले जाण्यापूर्वी, हत्तींनी ओढून शहरात आणले असे सांगतात. शेकडो माणसे रस्त्याच्या दुतर्फा उभी राहून ते पाहत असतील: जे यंत्र उद्या साऱ्या माळव्याचे ओझे ओढणार, ते आज स्वतःच साखळदंडांनी बांधलेले, आणि त्याच्या पुढे माहुताच्या अंकुशाखाली सावकाश पावले टाकणारे हत्ती.